रिकाम्या जागेचे पैसे

नॉर्मन सग्डन किल्ल्या करतो, बुटांना तळ लावतो,
हॅलिफॅक्सच्या चढावर, जिथे बस गिअर बदलताना कण्हते.
त्याला पत्रक हवंय. हजार प्रती.
"सगळं टाक," म्हणाला.
सगळं म्हणजे अठ्ठावीस कामं, दोन फोन नंबर,
दुकान कधीपासून, मार्जरी नावाच्या कुत्रीचा फोटो,
आणि कोपऱ्यात पिवळा फुटलेला तारा, त्यात लिहायचं: फक्त!
"फक्त किती?" मी विचारलं.
"किती नाही. नुसतं फक्त. लोकांना आवडतं."

मी त्याला पांढरी जागा समजवायला बसले.
आमच्या भाषेत, म्हटलं, पान म्हणजे कागद
आणि पान म्हणजे जेवणाचंही.
मीठ वर, मधोमध, चिमूटभर.
डावीकडे चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी.
मध्ये मोकळं, कारण भात यायचाय.
सगळं एकदम ओतलं तर त्याला वाढणं कोण म्हणेल?
त्याने नीट ऐकून घेतलं. मार्जरीनेही.
मग विचारलं,
"छापणारा रिकाम्या जागेचे पैसे कमी घेतो का?"

नाही घेत.
माझी तीन वर्षांची डिग्री तिथेच, पॉलिशच्या डब्यांमध्ये,
गप्प उभी राहिली.

रात्री लॉन्ड्रीवरच्या खोलीत, खाली ड्रायर घुमत असताना,
मला सुचलं.
सुचणं ह्या क्रियापदाचा मला भरवसा वाटतो.
मी सुचत नाही, मला सुचतं,
जशी भूक लागते, ठेच लागते.
बिलात मात्र लिहावं लागतं, संकल्पना: चार तास.

एक किल्ली. आडवी. तिचे दाते म्हणजे ह्याच गल्लीची छपरं,
धुराडी, चर्चचं टोक, बंद पडलेली गालिच्यांची गिरणी.
बाकी पांढरं. खाली पत्ता.
इतकी खूश झाले की दोनदा चहा केला,
दोन्ही प्यायचे राहिले.

सकाळी नॉर्मनने कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
"ही कुठल्याच कुलपात जाणार नाही. चर्च फार उंच आहे."
आणि जरा थांबून,
"खरीही काढू नकोस. कुणीतरी तिच्यावरून करून घेईल."

ह्या दोन वाक्यांच्या मधे मी तेव्हापासून राहतेय.
खोटी असेल तर जाणकार हसतो,
खरी असेल तर कुणाचं तरी घर उघडं पडतं.
मोठ्या कंपन्यांना हे कोडं पडत नाही,
त्यांची किल्ली लावून बघायला कोण जातं?
छोट्या दुकानाचा मालक दुकानातच सापडतो.
सकाळी छापलेला शब्द दुपारी परत येतो,
काउंटरवर कोपर टेकून विचारतो,
काय हो, हे तुम्हीच म्हणालात ना?

शेवटी त्यानेच खणातून एक काढली.
वडिलांच्या कोळशाच्या कोठीची.
कोठी पाडून तीस वर्षं झाली, तिथे आता गाड्या लावतात.
"ही घे," म्हणाला. "हिने काही उघडत नाही. पण खरी आहे."

मी ती स्कॅन केली, झिजलेल्या दात्यासकट.
तारा गेला. फक्त गेलं.
मार्जरीला मात्र त्याने जाऊ दिलं नाही,
म्हणून ती आहे, तिकिटाएवढी,
वर, मधोमध, मिठाच्या जागी.

पत्रकं वाटून सहा आठवडे झाले.
किती गिऱ्हाइकं आली, सांगत नाही; मोजत नसावा.
अर्धे पैसे रोख दिले, अर्ध्यांत माझे बूट.
उरलेला पाठकोरा गठ्ठा काउंटरखाली पडून आहे.
काल गेले तर दाराला त्यातलंच एक, उलटं चिकटवलेलं,
जाड मार्करने, वेडंवाकडं, पार काठापर्यंत:
दहा मिनिटांत येतो. कुत्रीला फिरवायला गेलोय.

अक्षरं एकमेकांच्या अंगावर. समास नाहीच.
मी बाहेर थांबले.
माझ्यामागे आणखी दोघं.