मिठाचे दोन किलो

विस्टिनच्या दुकानात सगळं काळं.
काळे सूट, काळे पट्टे, काळ्या नळ्या
खुंट्यांना टांगलेल्या,
मयतीहून परतलेल्या बायकांनी
भिजलेले कोट काढून ठेवावेत तशा.

"नातवासाठी का, सालविना?"
"माझ्यासाठी. एकसष्ट पुरी. डॉक्टरची चिठ्ठी आहे.
कोर्स सोमवारपासून."
त्यानं हसू गिळलं. चांगला मुलगा.
त्याच्या आईला मी वीस वर्षं उधारीवर मीठ दिलंय.

मी आधी हात घातला तो पिवळ्या फिन्सना,
माशाच्या शेपटीसारख्या मधोमध चिरलेल्या, देखण्या.
"त्या नंतर," तो म्हणाला,
"आधी तोंड बघू."

मास्कचा पट्टा डोक्यामागे घ्यायचा नाही.
नुसता चेहऱ्यावर टेकवायचा
आणि नाकानं श्वास आत ओढायचा.
चिकटून राहिला तर तो तुझा.
पहिला पडला. दुसरा पडला.
तिसऱ्याच्या कडेत केस अडकला, पांढरा;
एवढ्याशा फटीतनं म्हणे पाणी येतं.
सहावा कोपऱ्यात धूळ खात होता, सगळ्यात स्वस्त.
श्वास ओढला,
आणि तो राहिला.
दोन्ही हात सोडून मी उभी दुकानाच्या मधोमध,
काउंटरवरच्या पोरीनं टाळ्या वाजवल्या.
लग्नाआधी माणूस पारखायची
अशी सोपी रीत मला कुणी सांगितली नव्हती.

"बूट घे, जाड तळाचे. आपले खडक कापतात."
मी त्याला माझे तळवे दाखवले.
तो गप्प झाला.
मग म्हणाला, "तरी घे."

सूट पाच मिलिमीटरचा.
ससा सोलायचं मी लहानपणापासून करत आलेय;
सशाला परत कातड्यात घालणं
आज शिकले, पडद्यामागे, घामानं निथळत,
कोपराशी घोडं अडलं तेव्हा पोरीला हाक मारून.

आणि श्वास घ्यायचं ते यंत्र, ते जाकीट,
मनगटावरचा तो कॉम्प्युटर?
"ते आत्ता नको. भाड्यानं वापर.
वीस वेळा खाली जाऊन ये,
मग तूच मला सांगशील काय हवंय."
गिऱ्हाइकाला घेऊ नको म्हणणारा दुकानदार.
आईवर गेलाय.

पोरीला राहवेना. "पण कशाला, काकी?"

कशाला.
श्वेनीच्या खडकात बापानं छिन्नीनं खोदलेले
एकशे बारा चौकोन. त्यात पाणी भरायचं,
उन्हाची वाट बघायची, खरडायचं, पोती भरायची.
ऑगस्टात एखादी लाट आगाऊपणे आत घुसायची
आणि आठवड्याचं मीठ घेऊन परत जायची.
चाळीस वर्षं मी समुद्राला पाण्यात पाहिलं.
खडकाची वरची बाजू तोंडपाठ आहे,
कुठला चौकोन गळतो, कुठल्यात मीठ जाड पडतं.
खालची बाजू
आमच्या घरात कुणीच पाहिलेली नाही.

एवढं काही मी बोलले नाही.
"बघायचंय," म्हटलं.

शेवटी शिसं. ओळीनं मांडलेले चौकोनी ठोकळे.
एक उचलला. "हा दोन किलो नाही," मी म्हटलं,
"शंभर ग्रॅम कमी आहे."
विस्टिननं काट्यावर ठेवला.
शंभर नाही, नव्वद.

"तलावात तुला सहा पुरले असते.
इथे आठ लागतील."
"का?"
"मिठापायी. मीठ माणसाला वर ढकलतं."

मी बराच वेळ तो ठोकळा हातात धरून उभी होते.
पोत्यांनी विकलं, पाठीवर वाहिलं,
भेगांमध्ये चरचरत राहिलं ते वेगळंच;
आणि ते, बुडायला गेले तर,
दोन किलो माझ्या बाजूनं.
खाल्ल्या मिठाला जागतात म्हणतात.
मीठसुद्धा जागतं, हे नव्हतं माहीत.

बिलावर मास्क आणि बूट.
बाकी सगळं सोमवारी, भाड्यानं.

रात्री सशासाठी कांदे चिरताना
मी तो मास्क घालून बसले.
एक थेंब नाही आला.