पोटभाषा

बावीस वर्षं हा प्रोग्राम मी लिहिते आहे,
कायानीत, नदीकाठच्या दुसऱ्या मजल्यावर.
तो ओंडका मोजतो, फळ्या ठरवतो,
करवतीला सांगतो कुठून कापायचं.
सगळं सी प्लस प्लसमध्ये, खिळे ठोकून बसवलेलं.
एक खिडकी पाडायची तर अख्खी भिंत उतरवावी लागते.

आणि लाकूडगिरण्या काय ऐकतात?
कुहमोच्या रेइमा टोलोनेनचा फोन दर महिन्याला:
आमच्याकडे गाठी उत्तरेच्या अंगाला जास्त,
आमच्याकडे थंडीत लाकडाचा दगड होतो,
एवढं एकच बदलून द्या ना.
एवढं एकच म्हणजे सहा आठवडे.
मी हो म्हणायचे नि वहीत टिपून ठेवायचे.
वह्या अकरा झाल्या.

त्या हिवाळ्यात, सूर्य जेमतेम चार तास असताना,
मी एक इंटरप्रिटर घरात घेतला.
लहानसा. एखाद्या फोटोपेक्षा हलका.
त्याला खोली दिली, आतून कडी नसलेली.
शब्द दिले मोजके: लांबी, घेर, वलयं, काप, थांब.
डिस्कची किल्ली नाही. नेटवर्कचं दार दाखवलंच नाही.
पाहुण्याला सैपाकघरापर्यंत येऊ द्यावं,
कपाटापर्यंत नाही,
इतकं शहाणपण मला होतं.

आमचं बोलणं एका चळतीवरून.
मी वर एक आकडा ठेवायचा, त्याने उचलायचा,
त्याने उत्तर ठेवायचं, मी उचलायचं.
वरून पहिला म्हणजे उणे एक:
ही त्याच्या घरची रीत,
माझ्या अंगवळणी पडायला महिना गेला.
उष्टी ताटं उचलायला विसरले
की चळत वाढत जायची, गुपचूप,
आणि संध्याकाळी सगळं कोसळायचं.

पहिल्याच आठवड्यात त्याचा पाय घसरला
आणि माझा अख्खा प्रोग्राम त्याच्यासोबत पडला.
तेव्हापासून बोलावताना मनगट धरून ठेवते.
मग इइसाल्मीच्या गिरणीत कुणीतरी
न संपणारं लूप लिहिलं.
चाळीस मिनिटं करवत गप्प,
बारा माणसं कॉफी पीत बसली.
म्हणून पहारा बसवला.
दर दहा लाख पावलांनी दार वाजवायचं:
आहेस ना अजून? पुरे झालं, नीघ बाहेर.

एप्रिलात, तळं अजून गोठलेलं, रेइमाची फाइल आली.
सतरा ओळी. नावं फिनिशमध्ये,
एकाचं स्पेलिंग चुकलेलं,
पण दोन्ही ठिकाणी सारखंच चुकलेलं,
म्हणून चालत होतं.
चौदा नंबरचा तुकडा, वलयं एकशे चाळीसच्या वर:
म्हणजे आजोबांनी डांबरासाठी सोललेले पाइन.
जखम आत बुजलेली, राळेने जड झालेली,
तिथे पातं अडकतं, दात जातात.
तसा ओंडका आला की वेग निम्मा.
बरोबरच होतं. बावीस वर्षांत
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
आणि मी विचारणार तरी काय होते?

बाराव्या ओळीशी मात्र अडले.
प्रत्येक ओंडक्यासाठी: थांब, दोन सेकंद.
मग काहीच न बदलता, काप.
दिवसाला सातशे ओंडके,
तेवीस मिनिटं पाण्यात.
फोन लावला.

"बाबा तिथे ऐकायचे," रेइमा म्हणाला.
"पातं फिरतंय, लाकूड अजून लागलेलं नाही, तेवढ्यात.
काय ऐकायचे ते विचारायचं राहून गेलं.
आता त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही."
पलीकडे भुशाचा पंखा घरघरत होता.
मी उत्पादनाबद्दल काहीतरी बोलणार होते, ते गिळलं.

ओळ माझ्या पोटात, आणि माझी नाही.
माझ्याच घरात माझा हात पोचत नाही:
हेच तर बांधायला बसले होते मी.

त्या रात्री एवढंच तपासलं,
की त्या दोन सेकंदांत
पहारेकऱ्याने दार वाजवू नये.