रुसव्याचा अर्क

चक दोनशे सातमध्ये धुकं
कालव्यावरून उठत नाही दहा वाजेपर्यंत.
सुंबुलनं ज्वारीची धाटं
बोटबोटभर तोडली, रात्रभर पिंपात भिजवली,
गाळलेलं पाणी चुलीवर चढवलं
लग्नातल्या देगमध्ये.

वीस लिटरचं एक होईतो आटवायचं, म्हणते.
आई बख्तां जाळ सारते, पुटपुटते,
एवढ्या लाकडात गूळ झाला असता.

रंग चहाचा. वास ओल्या गोठ्याचा.
म्हशीनं हुंगून मान फिरवली.

बख्तांला हे ठाऊक होतं पुस्तकाआधी :
ज्वारीमागून पेरलेला गहू
महिनाभर फुरंगटून बसतो,
वर बघत नाही.
जमीन रुसलीय, ती म्हणायची,
आणि दुसऱ्या कामाला लागायची.
लेकीनं त्या रुसव्याचा अर्क काढला,
बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या :
वाफा दोन. वाफा चार.

औषधांच्या दुकानातला मेहर शौकत
मोटारसायकल बांधाला लावून विचारतो,
"काढा कुणासाठी?"
"तणासाठी."
"म्हणजे खोकला बरा होणार त्याचा."

तीन आठवड्यांनी मोजणी.
लोखंडी चौकट मातीवर ठेवायची,
आत जे उगवलंय ते वहीत.
फवारलेल्या वाफ्यात
चांदवेल पिवळी, आखडलेली,
लव्हाळा निगरगट्ट, जसाच्या तसा,
चाकवत अकरा.
बिनफवारलेल्या वाफ्यात
चांदवेल गव्हाच्या गळ्यापर्यंत,
लव्हाळा विचारूच नका,
चाकवत शून्य.

सुंबुलनं चौकट सरकवून पुन्हा मोजलं.
शून्य.
न मारलेलं मेलं कसं?

बांधावर बख्तां, ओढणीचा ओचा सावरत :
"तुझं पाणी पडलेला नको,
म्हणून या बाजूचा खुडला.
सरसोंच्या भाजीत तो नसला
तर तुझा बाप ताटावरून उठतो."

सुंबुल पेन्सिल दातात धरून उभी.
सहा महिन्यांची वही, थंडीनं सुजलेली बोटं,
शहरात वाट बघणारे मास्तर.
ओरडावं की हसावं
हे तिला ठरवता येईना.

"पाचव्या वाफ्यातलाही खुडलास?"
"थोडा."
"थोडा म्हणजे किती?"

बख्तां ओढणी पसरते ओल्या गवतावर.
दोघी उकिडव्या बसतात
आणि एकेक रोप वेगळं करत
मोजायला लागतात.
सतराव्यापाशी बख्तांचं चुकतं.
पुन्हा एकपासून.