पार्श्वभूमी, दोनशे शब्दांत

फॉर्मवर विचारलंय : तुमची पार्श्वभूमी,
दोनशे शब्दांत.
पहिल्या वर्षाच्या सगळ्यांनाच दिलाय,
मला एकटीला नाही.
हलच्या युनिव्हर्सिटीत, लायब्ररीच्या सहाव्या मजल्यावर
तो पुढ्यात घेऊन बसलेय
आणि धुक्यातून न दिसणारी हंबर नदी बघतेय.

नदीपल्याड ग्रिम्सबी.
भूमी म्हणाल तर माझी तिथली,
शाळेमागच्या छोट्या वाचनालयात
रेडिएटर आणि नकाशांचं कपाट यांच्या मधली
दीड हात.
साडेतीनला शाळा सुटायची, आईची ड्यूटी सातला.
मधले तास मी तिथे ठेवलेली असायची,
सांगितल्या तारखेला परत न्यायच्या वस्तूसारखी.

मिसेस थर्लबींना आडनाव जमलं नाही कधी.
उजगरेचं त्या अजगर करायच्या.
मग मीही अजगरासारखीच
न चावता गिळत गेले :
घोडे, ज्वालामुखी, बोर्डिंगातल्या मुली,
एकदा तर ट्रॅक्टरदुरुस्ती, सचित्र.
कार्डावर सहा मिळायची.
सातवं त्या स्वतःच्या कार्डावर द्यायच्या
आणि शिक्का मारताना दुसरीकडे बघायच्या.

घरात मराठी छापलेलं दोनच.
एक आजोबांचं, कपाटावर,
हात धुऊन घ्यायचं.
दुसरं मिरजेहून आलेल्या कुकरबरोबरचं.
अक्षरं लावायला मी त्यावर शिकले,
ओट्याशी उभी राहून, बोट फिरवत :
झाकण लावण्यापूर्वी रबर तपासावे.
वाफ जिरल्याशिवाय झाकण उघडू नये.
अजून माझं मराठी असंच येतं,
करावे, टाळावे, ठेवू नये.
फोनवर मावशी हसते,
म्हणते, पोरी, तू बोलतेस की बजावतेस?

पप्पा वाचत नाहीत.
कॉडच्या खोक्यांवरचे आकडे वाचतो, म्हणतात,
तेवढं खूप झालं एका जन्माला.
पण शनिवारी पुस्तकं परत करायला तेच यायचे
रात्रपाळीवरून, न झोपता.
आधी मोरीत उभं राहून
लिंबाच्या फोडीने हात चोळायचे,
कोपरापर्यंत,
नखांच्या कडा दोनदा.
पानांना मासळीचा वास लागला
तर तुला पुन्हा देणार नाहीत, म्हणायचे.

मी चौदाची असताना कौन्सिलने वाचनालय बंद केलं.
शेवटच्या दिवशी वीस पेन्सला एक.
कुठलं घ्यायचं, पप्पांनी विचारलं.
मी म्हटलं, सगळी.
त्यांनी खिसा टेबलावर उलटा केला,
नाणी मोजली, पुन्हा मोजली.
एकतीस आली.
उरलेली कुठे गेली ते मी विचारलं नाही,
अजूनही विचारत नाही.

रात्री ज्वालामुखीचं उघडलं.
पान चौपन्नवर पिवळा ठसा,
हळदीचा, माझ्याच बोटाचा,
सात-आठ वर्षांचं असेल ते बोट.
शेजारी बारीक पेन्सिलीने :
डाग आहे. पाहिला. एम. टी.
तारीखही घातलेली.
म्हणजे त्यांना माहीत होतं.
दंड तर कधी झाला नव्हता.

इथे एका वेळी वीस नेता येतात.
मशीनवर पुस्तक ठेवायचं, हिरवा दिवा लागतो.
मशीन नाव चुकत नाही,
कारण ते घेतच नाही.
दुसरीकडे बघतही नाही.
काल एका पुस्तकाचं पान फाटकं निघालं,
मी इकडेतिकडे पाहून
समासात पेन्सिलीने लिहिलं,
पाहिलं.

फॉर्मवर आत्तापर्यंत झालंय ते एवढं :
आई नर्स. वडील मासळीच्या कारखान्यात.
पाच शब्द.
उरलेल्या एकशे पंचाण्णवांवर
झाकण तसंच आहे.
वाफ जिरू द्यावी.
मग उघडावे.