न खरवडलेली जागा

एकोणीस वर्षं एका पिंपात,
आणि शेवटची दोन
डेमेरारा नदीकाठच्या रमनं मुरलेल्या दुसऱ्या पिंपात.
एवढं कागदावर आहे.
बाकीचं मला दुपारपर्यंत लिहून द्यायचं आहे,
तीन शब्दांत, लेबलावर मावेल असं.

म्हणून गेडीजला बोलावलं.
टॉर्क्विल गेडीज, वय त्र्याऐंशी.
स्पे नदीच्या या काठावरची अर्धी पिंपं
त्याच्या हातोड्याला ओळखतात.
दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात त्याचं नाक गेलं.
म्हणजे नाक आहे जागच्या जागी, चांगलं मोठं, लाल,
वास तेवढा येत नाही.
'बायको म्हणते, सुटलास,
कुत्रा म्हातारा झालाय आपला.'

गोदामात थंडी अशी की बोलणं दिसतं.
भिंती बाहेरून काळ्याकुट्ट,
इतकी वर्षं फुकटची पिऊन पिऊन.
मी तांब्याची नळी पिंपात सोडते,
वरचं तोंड अंगठ्यानं दाबते, उचलते,
दोन पेल्यांत रिकामी करते.
तो पेला खिडकीकडे धरतो.
'माझ्या आईचा चहा. किटलीत विसरलेला.'
मग म्हणतो, 'आता तू सांग. मी ऐकतो.'

सांगते.
आधी काकवी, कढईच्या काठाला करपलेली.
मग काळं पडलेलं केळं, सुंठ,
पावसात भिजून वाळलेलं खोगीर.
दोन थेंब पाणी घातलं
की सातूचं शेत पुढे येतं, कापणीनंतरचं,
आणि ऊस एक पाऊल मागे सरतो
पाहुण्यासारखा,
पण जात नाही.

आणि गिळून झाल्यावर, बऱ्याच वेळानं,
काहीतरी.
गोड नाही. कडू म्हणवत नाही.
दुसऱ्याच्या कोटाच्या खिशात चुकून हात जावा तसं.

गेडीज पेला ठेवतो.
'कितवं पिंप?'
नंबर सांगते.
तो उठतो, गुडघे कुरकुरतात,
पिंपाच्या पोटावर बोटाच्या पेरानं तीनदा वाजवतो
आणि कान लावून थांबतो,
आतून कुणी कडी काढतंय का बघावं तसा.

'हे आलं तेव्हा एक फळी फुटलेली.
झाकण काढलं. खरवडायला घेतलं.
तर झाकणाच्या आतल्या अंगाला खूण कोरलेली:
एक आडवी रेघ, खाली तीन टिंबं.
आतल्या अंगाला, पोरी!
जिथे रमशिवाय कुणी बघणार नाही.
आणि छिन्नीचा उतार उलटा.
डावखुरा होता.'

गेडीजही डावखुरा.
शाळेत मास्तर त्याचा डावा हात बाकाला बांधायचे.
त्याच शाळेसमोर घड्याळाचा मनोरा आहे,
उसाच्या पैशानं बांधलेला,
आणि ऊस कुणी तोडला
हे कुठल्याच इयत्तेत आलं नाही.

'तळहाताएवढी जागा सोडली मी.
फोरमनला सांगितलं, झालं साफ.'

मग तो घोट घेतो. तोंडात धरतो.
धरूनच राहतो.
'गरम आहे,' म्हणतो. 'मला गरमच कळतं फक्त.'
मी परत हुंगते.
माहीत झाल्यावर वास येतो
की होताच, कोण सांगणार?

लिहिते: काकवी. सुंठ. सातू.
तीन झाले.

रिकामी पिंपं सोमवारी जाणार आहेत.
मधोमध कापायची,
बागवाल्यांना कुंड्या म्हणून विकायची,
हॉटेलांच्या दारात जिरेनियम लावायला.
तसं त्याला सांगते, सांगायला नको होतं.

तो टोपी घालतो. दारापर्यंत जातो.
परत येतो.
'याचं हे टोक माझ्या नावावर ठेव.
बटाटे लावीन.'
आणि जरा थांबून,
'पाणी निघायला तळाला भोकं पाडतात ना,
ती तुमच्या पोरांना पाडू देऊ नकोस.
मी पाडीन.
कुठे नाही पाडायची ते मला माहीत आहे.'