नऊ मीटर

सतरा अंश एक्केचाळीस मिनिटं उत्तर,
पुढचे आकडे गुंडेटी सरांच्या कोड्यात.
कोडं सोडवायला इरेशला तीन रात्री लागल्या.
मला दहा मिनिटं. मी त्याचीच वही उतरवली.

कुंभारीच्या अलीकडे डांबर संपतं,
मग मुरूम, बोराटीची कुंपणं,
मग बंद पडलेली खाण, तीन मजले खोल.
सुरुंगांच्या नळ्यांचे अर्धे अर्धे ठसे
कातळावर अजून उभे,
कुणी नखांनी ओरबाडल्यासारखे.
मे महिन्यात साडेअकराला
काळा फत्तर हात लावू देत नाही.

लपवलेल्या डब्याचं नाव: कृष्णविवर.
कोडं चार तारे, वाट पाच तारे,
आणि खाली सरांची एक ओळ:
काठ दिसला म्हणजे उशीर झालाय.

"सर भीती घालुलालेत बे," इरेश म्हणाला
आणि चपलेवरच उतरला.

खाली बाण येडा झाला.
मोबाईल म्हणे, नऊ मीटर.
पूर्वेला सरकलो, नऊ.
डबक्याला वळसा घातला, नऊ.
उपग्रहांचे निरोप भिंतींवर आपटून
दमून, उशिरा पोचत होते.
एका न दिसणाऱ्या गोष्टीभोवती
दोन माणसं तासभर फिरली,
आणि आमच्या फिरण्यानंच
तिची जागा हळूहळू ठरत गेली.

रात्रशाळेत सर हेच सांगायचे,
ते दिसत नाही रे, शेजारचे कसे वागतात ते बघ.
मागच्या बाकावर दिवसपाळीचे लोक झोपलेले,
केसांत सुताची लव.
सर आवाज खाली करून शिकवायचे.

पाडलेलं, पण कधी न भरलेलं एक भोक,
खांद्याच्या उंचीवर.
"इंचू असंल," इरेश म्हणाला,
म्हणून माझा हात पुढे. कोपरापर्यंत.
आत गार. इतकं गार की क्षणभर
हात माझा वाटेना.

निघाला एक धोटा.
जन्मभर डावीउजवीकडे धावलेला,
आता काळ्या रंगात बुडवून थांबवलेला.
कांडीच्या जागी एक किल्ली, दुधाचा दात,
मिलच्या गेटचा गंजका बिल्ला,
आणि नावांच्या कागदाची सुरळी.
वर लिहिलेलं: टाका. काढू नका.

पेन दोघांकडेही नव्हतं.
कडक भाकरीबरोबर आणलेली शेंगाचटणी होती.
तेलात अंगठा बुडवून
सर्वांत खाली लाल ठसा उठवला.
मग खिशातून ते उतरवलेलं पान काढलं,
चारदा दुमडलं, आत सारलं.
इरेशनं पाहिलं.
पाणी पिऊन बाटली माझ्याकडे दिली.

वर आल्यावर रेंज आली, अकरा मिस्ड कॉल.
आमच्या हिशेबानं तास झाला होता,
आईच्या हिशेबानं दुपार.
"कुठं गायब झाल्तास रे?"
सांगू लागलो, जमेना.

इरेशची एक चप्पल खालीच राहिली.
परत उतरू म्हटलं तर म्हणाला,
"राहू दे बे. नियम म्हंजे नियम."
आणि तापल्या मुरमावरून
गाडीपर्यंत लंगडी घालत गेला.