शंभरात बारा

जांभळ्या टोपणाच्या नळ्या, बर्फाचा डबा,
कानाला मारायचा पिवळा बिल्ला
एवढं घेऊन वलांडीच्या पुढं जीपमधून उतरले
तेव्हा रेवणअप्पा बिरादार गोठ्यातच होते,
कालवडीच्या पाठीवरून उलटा हात फिरवत.

"रगत किती काढणार?"
चहाचा एक चमचा, मी म्हटलं.
"अन् त्यात दिसतंय काय?"
दूध किती देईल, कोणता रोग सोसेल,
रक्त देवणीचंच आहे की नाही.
यंत्र पन्नास हजार ठिकाणी वाचतं, अप्पा.
"मी एकाच ठिकाणी वाचतो,"
आणि बोट ठेवलं त्यांनी
डोळ्याशेजारच्या काळ्या डागावर.
"वानेरा. बघ की."

मग सुरू झाले, श्वास न घेता:
हिची माय मोराई, मोराईची बाणी,
बाणीची गुजरी, गुजरीची शेवंती,
शेवंतीची माय हाळीच्या बाजारात घेतली,
बालंक्या, नुसती दुधावाणी पांढरी,
तिचं नाव तिच्या पहिल्या मालकालाच ठावं.

माझ्या फॉर्मात आईला एकच रकाना.
बाकीच्या मी कागदाच्या पाठीवर उतरवल्या.
"अन् तुझ्या?"
मी पाठ म्हटलं: वडील दिगंबर, आजोबा नरसिंग,
त्यांचे वडील माणिकराव...
"हे बाप झाले गं. माया सांग."
आई. आईची आई, इंद्रायणी.
तिची...
सुई तेव्हा शिरेत होती, कालवड थरथरली,
आणि मी नळी भरण्याकडे लक्ष दिल्यासारखं केलं.

तीन आठवड्यांनी उदगीरला, पडद्यावर:
देवणी सत्त्याऐंशी, लाल कंधारी बारा,
एक कशालाच लागेना.

सांगायला मीच गेले.
"यंत्र खोटं हाय," अप्पा म्हणाले.
नंतर पाण्याची बादली उगीच इकडची तिकडं केली.
बराच वेळ.
"सोळाच्या साली छावणीत होतो आम्ही.
लातूरला पाणी रेल्वेनं यायलं होतं तव्हा.
शेजारच्या खुंट्याला लोह्याच्या माणसाचा
तांबडा वळू.
एका रात्री गुजरीनं दावं तोडलं.
सकाळी आपली आपण आली, रवंथ करत.
बाणी झाली तर अंगानं पांढरीफेक,
पण कानाच्या आत, बोटानं उलटल्यावर,
तांबडी लव.
मी कुणाला कान दावला नाही तिचा."

यादीतून नाव काढावं लागेल, अप्पा.
"काढ. दूध काय तांबडं देणार हाय का ती?"

त्या बारांत काय काय असेल
ते अजून आम्हालाही धड वाचता येत नाही.
उन्हात तग धरायची काही अक्षरं असतील,
किंवा नुसतीच तांबडी लव.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
सांगायला हवं होतं.

रात्री मशीन घरघरत होतं.
पेशीत एक वेगळीच लहानशी पोथी असते,
आयांनी लेकींना दिलेली,
बापाच्या हातचं अक्षर तिच्यात नाही.
इंद्रायणीच्या आईची पोथी या क्षणी
माझ्या अंगठ्यात आहे, पापणीत आहे,
यंत्रात घातली तर सकाळपर्यंत वाचूनही होईल,
सोळा हजार अक्षरं, शेवटच्या अक्षरापर्यंत.
नाव सोडून.

आईला फोन केला. झोपेतून उठली.
"आजीची आई? तिला सगळे औरादची म्हणायचे."
नाव, आई.
"असणारच की नाव."
मग तिच्याकडून भांड्याचा आवाज, पाणी पिल्याचा.
"एवढ्या रात्री कशाला लागतंय तुला?"

कालवडीचा बिल्ला काढून आणायला गेले
तर अप्पांनी काढू दिला नाही, शोभतो म्हणाले.
नाव ठेवलं का हिचं?
"ठिवलं. छावणी."
आणि ती, हाक मारल्यासारखी,
बिल्ल्याचा कान हलवून
माझ्या ओढणीचं टोक चघळू लागली.